सोबतीचे रक्त

रक्त बर्फात ठेवू नका. हे वाक्य नोकरीच्या काळात मी इतक्या जणांना, इतक्या प्रकारांनी सांगितले आहे की आता घरात कुणी फ्रीज उघडला तरी ते ओठांवर येते. संपादकांनी दिवाळीसाठी कामाविषयी काही लिहा असे सुचवले, तेव्हा आधी मी नको म्हटले. माझे काम बोटांचे होते. त्यातून सांगण्याजोगे जे थोडे उरले आहे, तेही बहुतेक तापमानाविषयीच आहे, आणि तापमानाविषयी सणासुदीला कोण वाचणार? तरीही एका घराची हकीकत पुष्कळ दिवस मनात घोळते आहे. ती एकदा लिहून खाली ठेवावी, इतकाच या लेखाचा हेतू.

नाशिकमधल्या एका रुग्णालयाला जोडलेल्या संशोधन प्रयोगशाळेत मी तंत्रज्ञ होतो. वडील गोदाकाठी पाठशाळेत शिकवत. त्यांच्यापाशी व्याकरण आणि थोडे धर्मशास्त्र शिकून मग मी विज्ञान शाखेकडे वळलो. सकाळची संध्या आटोपून प्रयोगशाळेत जात असे, कपाळावर गंध असे, म्हणून तिथे सगळे मला गुरुजी म्हणत. रक्ताची नळी यंत्रात ठेवण्यापूर्वी मी हात जोडत असे. माझी सहकारी शबाना मालेगावची, यंत्रमाग चालवणाऱ्या घरातली. जिभेला धार होती. ती म्हणे, "गुरुजी, आता घंटापण आणा. मशीन बंद पडलं की वाजवत बसू." मी हसत असे, पण हात जोडायचे सोडले नाहीत. त्या नळीत जे होते ते कुणाच्या तरी अंगातून निघालेले होते आणि त्या माणसाला दुखत होते. नमस्काराला एवढे कारण मला पुरेसे होते.

आमच्या ओळखीपाळखीत काहींना मात्र हे काम रुचत नसे. दिवसभर रक्ताला हात लावून हा देवपूजा कशी करतो, असे एकाने वडिलांनाच विचारले होते. वडील म्हणाले, "तो आंघोळ करतो. आणि देवानं रक्त घडवलं तेव्हा देवाला विटाळ झाल्याचं माझ्या तरी वाचनात नाही." तो विषय तिथेच संपला.

आता कामाविषयी थोडे. ल्युपस नावाचा आजार बहुधा तरुण स्त्रियांना गाठतो. रक्तातल्या रोगप्रतिकारक पेशी बाहेरच्या जंतूंशी लढण्यासाठी असतात. या आजारात त्यांना आपले आणि परके यातला भेद कळेनासा होतो आणि त्या स्वतःच्याच शरीराच्या सांध्यांवर, कातडीवर, मूत्रपिंडांवर चालून जातात. गालांवर आणि नाकावर लाल चट्टा उमटतो, सकाळी बोटे मिटत नाहीत, अंगात ताप मुरतो, आणि थकवा असा की पाण्याचा तांब्या जड वाटावा. औषधांनी आजार निवतो, पण जात नाही. पुन्हा कधी उसळेल ते सांगता येत नाही. ऊन मात्र त्याला चेतवते, हे पुष्कळ रुग्णांच्या बाबतीत दिसते. म्हणून या स्त्रियांना पहिली सूचना उन्हाचीच असते: छत्री, लांब बाह्या, दुपारी घराबाहेर पाऊल नाही. शेतात राबणाऱ्या बाईला असे सांगणे सोपे आहे. तिने ते पाळणे किती अवघड आहे, ते मी पाहिले आहे.

आमचा विषय या पेशींतली ताणप्रथिने. प्रथिन म्हणजे एक लांब धागा असे समजा. तो ठरावीक रीतीने दुमडला गेला तरच कामाचा. पेशी तापली की हे धागे उलगडू लागतात आणि एकमेकांत गुंततात. अशा वेळी पेशी नेहमीची कामे बाजूला सारून काही विशिष्ट प्रथिने घाईने तयार करते. ती प्रथिने उलगडणाऱ्या धाग्यांना धरून ठेवतात, त्यांना पुन्हा नीट दुमडायला मदत करतात. उष्णताच हवी असेही नाही. विष, उपासमार, गारठून पुन्हा ऊब मिळणे, अशा कितीतरी कष्टांना पेशीचे उत्तर हेच असते. द्राक्षाच्या पानातली पेशी, भाकरीवरच्या बुरशीची पेशी आणि माणसाच्या रक्तातली पेशी, सर्वांत ही योजना जवळजवळ एकसारखी आहे. हे मी पहिल्यांदा वाचले त्या दिवशी संध्येला बसल्यावर अर्घ्याचे पाणी बराच वेळ ओंजळीतच राहिले होते.

आमच्या प्रमुख डॉक्टरबाईंना आम्ही मॅडम म्हणत असू. त्यांचा प्रश्न असा होता: ल्युपसच्या रुग्णाच्या पेशी, त्यांना कुणी तापवलेले नसतानाही, ही प्रथिने जास्त बनवतात काय? आणि आजार उसळण्याच्या आधी ती वाढतात काय? वाढत असतील तर उसळीची आगाऊ वर्दी मिळेल आणि औषध वेळेत वाढवता येईल. प्रश्न स्वच्छ होता. उत्तर तितके स्वच्छ निघेल, असे आम्हां सर्वांना तेव्हा वाटत होते.

रक्त एका जड द्रवावर अलगद ओतायचे आणि यंत्रात फिरवायचे. तांबड्या पेशी तळाला बसतात, वर पिवळसर पाणी राहते आणि मधोमध सायीसारखी एक पुसट पांढरी रेघ उरते. आम्हांला हव्या असलेल्या पेशी त्या रेघेत असतात. ती रेघ नळीने अलगद उचलणे हीच माझी कला, आणि त्या कलेचा मला अभिमान होता हे लपवण्यात अर्थ नाही. उचललेल्या पेशींचे दोन भाग करायचे. एक भाग शरीराच्या उबेला ठेवायचा, दुसरा कडक तापाइतक्या गरम पाण्यात. मग पेशी फोडून त्यांची प्रथिने वेगळी करायची आणि एका पातळ पडद्यावर उतरवायची. हवे असलेले प्रथिन त्या पडद्यावर आडव्या पट्टीसारखे दिसते. जितके प्रथिन जास्त, तितकी पट्टी गडद. शबाना पडदा उजेडापुढे धरून म्हणे, "हमारे यहाँ का कपडा भी ऐसाच देखते हैं, गुरुजी. कुठे धागा दाट, कुठे विरळ."

यात एक मोठी अडचण आहे. पेशी नळीतही जिवंत असते. वाटेत तिला ऊन लागले, गारठा लागला, गाडीचे हादरे बसले, तरी ती ताणप्रथिने बनवू लागते. मग पडद्यावरची काळी पट्टी आजारामुळे आली की प्रवासामुळे, हे कसे कळावे? म्हणून आमच्याकडे एक नियम होता. रुग्णाबरोबर तिच्याच घरातल्या, तिच्याच वयाच्या एका निरोगी बाईचे रक्त घ्यायचे. त्याच सकाळी, त्याच खोलीत, आणि ते त्याच डब्यातून आणायचे. डब्याला जे सोसावे लागेल ते दोघींच्या पेशींना सारखे सोसावे लागेल. या दुसऱ्या नमुन्याला आम्ही सोबती म्हणत असू. सोबती नसेल तर मी रुग्णाचे रक्त घेत नसे. मॅडम कधी म्हणाल्या, "गुरुजी, एवढं एक चालवून घ्या," तरी मी नाही म्हणत असे.

सविता आमच्याकडे आली ती पिंपळगाव बसवंतला भरणाऱ्या आमच्या रुग्णालयाच्या शिबिरात. घर जवळच्या खेड्यातले, द्राक्षबागेचे. ताप आणि सांधेदुखीने ती आधी काही महिने अंथरुणाला खिळली होती. मॅडमच्या औषधांनी उठली. सोबत तिची जाऊ मंदा होती आणि दोघींची सासू अनसूयाबाई. सोबतीचा नियम मी समजावून सांगितला. मंदा कमरेवर हात ठेवून उभी राहिली.

"मला काय झालंय? मी ठणठणीत हे."

"म्हणूनच तुमचं हवं आहे," मी म्हणालो.

"घ्या! आजारी म्हणून हिचं घेणार, ठणठणीत म्हणून माझं घेणार. डॉक्टरच्या तावडीतून कोणी सुटतच नाय का?"

सविता खुर्चीवर बसून बाही सारत होती. ती म्हणाली, "गेल्या जत्रेत माझ्या वाटणीची साडी नेसली ना तू? आता माझ्या वाटणीची सुई पण घे."

"साडी तरी बरी होती का ती! दुसऱ्या धुण्याला रंग गेला."

अनसूयाबाई दारातून म्हणाल्या, "आवरा गं लवकर. दोन्ही सुना एकदम रक्त द्यायला बसल्या हे गावात कळलं, तर म्हणतील सासू पिते."

मंदा हसता हसता शेजारच्या खुर्चीत बसली आणि तिने हात पुढे केला. त्यानंतर रक्त देण्याच्या दर फेरीला त्या दोघी जोडीनेच येत राहिल्या. सुई टोचताना मंदा दर वेळी डोळे मिटे आणि सविता तिला धीर देई. आजारी कोण आणि सोबती कोण, हे पाहणाऱ्याला ओळखू आले नसते.

बर्फाचे वाक्य मी ज्यांना सांगितले आणि ज्यांच्या बाबतीत ते वाया गेले, त्यांत पहिला मान मंदाच्या नवऱ्याचा. त्याचे नाव भाऊसाहेब. तो द्राक्षे निर्यात करणाऱ्या एका पॅकहाऊसमध्ये देखरेखीला होता. एका हंगामात शिबिराच्या डॉक्टरांनी सकाळी दोघींचे रक्त काढून डबा तयार ठेवला. मी तो घ्यायला नाशिकहून निघालो आणि महामार्गावर कांद्याच्या टेम्पोंमागे अडकलो. शिबिर उठायची वेळ झाली, तेव्हा भाऊसाहेबाने डबा विश्वासाने आपल्या ताब्यात घेतला. मी पोहोचलो तेव्हा तो पॅकहाऊसच्या दारात हसतमुखाने उभा होता.

"काही काळजी करू नका गुरुजी. माल एकदम सेफ हे."

"कसला माल?"

"तुमचं रक्त. प्रीकूलिंगला लावलंय."

द्राक्ष तोडल्यानंतर ते थंड खोलीत नेऊन त्यातली शेतातली उष्णता झटपट काढून घेतात, त्याला प्रीकूलिंग म्हणतात. त्या खोलीत कानटोपी घालून माणसे काम करतात. द्राक्षांच्या क्रेटांच्या थप्पीवर आमचा डबा मानाने विराजमान होता. माझा चेहरा पाहून भाऊसाहेब गोंधळला.

"अहो, द्राक्ष जरा उन्हात राहिलं तर देठ वाळतो, कंटेनर रिजेक्ट होतो. हे तर रक्त! घरच्या बायांचं! म्हणून मी स्वतः आत नेऊन ठेवलं. कोणाला हात लावू दिला नाय."

त्याच्यावर रागावणे मला जमले नाही. त्याच्या जगातली सर्वांत मोठी काळजी त्याने त्या डब्याची घेतली होती. नमुने टाकून द्यावेत असे मला वाटत होते. मॅडम म्हणाल्या, चालवून तर पाहा. पडदा धुऊन उजेडापुढे धरला तर सविताच्या न तापवलेल्या पेशींतही पट्टी शाईसारखी काळी, आणि शेजारी मंदाचीही तितकीच काळी. गारठून पुन्हा ऊब मिळालेल्या दोघींच्या पेशींनी एकच उत्तर दिले होते. मंदाचे रक्त सोबत नसते, तर आम्ही आनंदाने लिहून मोकळे झालो असतो की रुग्णाच्या पेशी विलक्षण ताणाखाली आहेत. आपल्या नियमाचा इतका उघड विजय मी दुसऱ्यांदा पाहिला नाही. भाऊसाहेबाची पट्टी म्हणून तो पडदा आमच्या कपाटात पुष्कळ वर्षे होता.

विजयाच्या गोष्टी एवढ्याच. पुढचे सांगायला मन कचरते.

सविता पहिल्यांदा आजारी पडली तेव्हा अनसूयाबाईंनी सप्तशृंगीला नवस बोलला होता. सून उठली तर चैत्राच्या यात्रेला ती घरापासून गडापर्यंत अनवाणी चालत येईल. सून उठली. आता चैत्र जवळ येत होता. त्या दिवसांत खानदेशाकडून माणसे पायी वणीच्या वाटेला लागतात. डांबर तापलेले असते, वाऱ्यात झळा असतात. मॅडमनी सविताला स्पष्ट शब्दांत नाही म्हटले होते. एके दिवशी अनसूयाबाई दोन्ही सुनांना घेऊन थेट प्रयोगशाळेच्या दारात आल्या आणि मला बाहेर बोलावले.

"महाराज, डॉक्टरीणबाई नको म्हणत्या. त्यांचं त्यांच्यापाशी, त्या औषधाचं बघत्या. तुम्ही गंध लावता, तुम्हाला दोन्हीकडचं कळतं. तुम्ही सांगा. आईला बोललेलं मागं घेता येतं का?"

मी म्हणालो, "बोललेलं मागं घ्यायचं नाही. पण उन्हात हिचा आजार उसळू शकतो, हेही खोटं नाही."

"मग दोन्ही खरं असल्यावर माणसानं करायचं काय?"

वडिलांपाशी शिकलेले त्या क्षणी आठवले. व्रत घेतलेला माणूस आजारी असेल, तर त्याच्या वतीने त्याच्या घरातल्या कुणी ते पुरे करावे, यास शास्त्राची अनुज्ञा आहे. प्रतिनिधी ही काही पळवाट नाही; ती दुबळ्याची सोय पाहून ठेवलेली तरतूद आहे. मी तसे सांगितले. अनसूयाबाई विचारात पडल्या. मंदा तेवढ्यात म्हणाली, "म्हणजे रक्तासारखंच ना, गुरुजी? तिच्याबरोबर माझं. मी चालते."

"तू?" सविता म्हणाली.

"मग काय? सुईला सोबती चालते, तर गडाला का नाय चालणार?"

मला ते इतके समर्पक वाटले की मी मान डोलावली. अनसूयाबाईंचा चेहरा उजळला. सविता मात्र खिडकीकडे पाहत होती.

"भाकरी दुसऱ्यांनी थापायची, बागेत दुसऱ्यांनी जायचं, आता नवस पण दुसरीनं चालायचा," ती हळू म्हणाली. "माझं म्हणून काही राहू द्याल का नाय?"

"जिवंत राहा. तेवढं कर तू," मंदा म्हणाली.

मंदा चालली. पायाला फोड घेऊन, गडावरचा प्रसाद घेऊन परत आली. सविता ते सगळे दिवस घरात, पडदे ओढून होती. जे जे पाळायचे ते सर्व त्या घराने पाळले होते.

आणि त्या पावसाळ्यात आजार उसळला. सविताचे पाय सुजले, लघवीला फेस येऊ लागला. मूत्रपिंडे दुखावली होती. शिरेतून जहाल औषध द्यावे लागले. केस मुठीमुठीने गेले. एके संध्याकाळी वॉर्डाबाहेरच्या बाकावर अनसूयाबाई बसलेल्या दिसल्या. मी शेजारी बसलो. त्या पुष्कळ वेळ पदराच्या टोकाला गाठी मारत आणि सोडत होत्या. मग म्हणाल्या, "महाराज, चुकलं का आपलं?"

याच ठिकाणी वाचकाला आणखी एक गोष्ट सांगायला हवी. मंदा गडावर जाण्याच्या आधीच, फाल्गुनातल्या फेरीत, सविताच्या न तापवलेल्या पेशींची पट्टी गडद आली होती. शेजारी मंदाची पुसट. डबा नीट आला होता, संशयाला जागा नव्हती. शबाना पडदा पाहून म्हणाली होती, "गुरुजी, ये तो कुछ बोल रहा है." मॅडमनी तेव्हाच आमच्यापुढे इतर रुग्णांचे पडदे मांडले होते. तशीच गडद पट्टी दुसऱ्या कितीतरी जणींची आली होती आणि पुढे त्यांना काही झाले नव्हते. काही जणींची पुसट होती आणि आजार उसळला होता. अशा पट्टीच्या भरवशावर औषध वाढवायचे नाही आणि रुग्णाला काही सांगायचेही नाही, कारण तिचा अर्थ आम्हांलाच कळलेला नाही, असा दंडक होता, आणि तो योग्य होता.

बाकावर बसून मला मोह झाला. आजार आतून आधीच सुरू झाला होता, चालण्याशी न चालण्याशी त्याचा काही संबंध नाही, एवढे वाक्य पुरले असते. त्या म्हातारीच्या छातीवरचा दगड उतरला असता. पण ते वाक्य खरे आहे की नाही हे मला ठाऊक नव्हते. जे ठाऊक नाही ते प्रयोगशाळेच्या नावाने सांगणे, आणि जे ठाऊक नाही ते देवीच्या नावाने सांगणे, यांत मला अंतर दिसेना.

मी म्हणालो, "शास्त्रात चूक नाही. मंदानं मनापासून केलं, त्यातही चूक नाही. पण देवीच्या मनातलं मला कळत नाही, अनसूयाबाई. आणि ह्या पेशींच्या मनातलंही अजून कळलेलं नाही."

त्यांनी माझ्याकडे पाहिले. शब्दांत राग नव्हता, नुसता थकवा होता. "मग तुम्हाला कळतं तरी काय, महाराज?"

मी उठून प्रयोगशाळेत गेलो. नमुने वाट पाहत होते. त्या दिवशीची पांढरी रेघ मी नेहमीसारखीच नीट उचलली. हात जोडले होते की नाही, ते आठवत नाही.

सविता वाचली. मूत्रपिंडे पूर्वीसारखी झाली नाहीत, पण चालतात. दोघी जावा पुढेही फेरीला येत राहिल्या. दर वेळी खुर्चीत बसता बसता सविता विचारी, "गुरुजी, जवाब आला का?" दर वेळी मी म्हणे, "अजून नाही." आणि दर वेळी तिचा हात, त्यामागून मंदाचा हात, पुढे येई. कधी कधी मला वाटे, आज ती विचारणार नाही. ती विचारायचीच.

काम संपले तेव्हा आमच्या हाती आले ते एवढेच: ल्युपसच्या काही रुग्णांत ही प्रथिने वाढलेली असतात, काहींत नसतात, आणि उसळीची वर्दी म्हणून त्यांच्यावर विसंबता येत नाही. मॅडम म्हणाल्या, हेही ज्ञानच आहे. त्यांचे म्हणणे बरोबर आहे. जगात इतर ठिकाणी इतर लोक हा धागा पुढे नेत असतील. पण इतक्या बायांच्या दंडांना सुया टोचून, त्यांच्या धडधाकट जावा-नणंदांच्याही दंडांना टोचून, अखेर हाती इतकेच लागावे, हे पचायला निवृत्तीनंतरचा काळही मला अपुरा पडतो आहे. सकाळी संध्येला बसतो, ओंजळ भरतो, आणि अनसूयाबाईंचा प्रश्न त्या पाण्यात दिसतो.

यंदा चैत्रात मंदाचा फोन आला. दोघी सुना सासूला आत्याबाई म्हणत. "गुरुजी, आत्याबाई चालत गडावर निघाल्यात. कोणाचं ऐकत नाय. मी बरोबर हे. सविता नांदुरीला मांडवात थांबणार हे. तुम्ही येता का? तुमचं नाव काढत होत्या."

मी सकाळच्या एसटीने नांदुरीला गेलो. गडाच्या पायथ्याचे ते गाव. चालत येणाऱ्यांसाठी त्यांच्या गावकऱ्यांनी तिथे जाड कापडाचा मांडव घालून पाण्याची सोय केली होती. आत, सावलीच्या सर्वांत खोल कोपऱ्यात, सविता बसली होती. लांब बाह्यांचे पोलके, डोक्यावरून पदर, शेजारी मिटलेली छत्री. रांजणातून पाणी काढून ती पेल्यांत ओतत होती आणि पेले पुढे सरकवत होती. उन्हात एक पाऊल न टाकता जितके करता येईल तितके ती करत होती.

"कोणी बसवलं तुम्हाला इथं?" मी विचारले.

"मीच बसले. हे काम माझं हे," ती म्हणाली. "ह्याला सोबती नाय ठेवला."

दुपार चढल्यावर दोघी आल्या. अनसूयाबाईंच्या पायांत काही नव्हते. चेहरा तापून काळवंडला होता. सविता कोपऱ्यातून उठली, सावलीच्या काठापर्यंत आली, तिथेच थांबली आणि हात लांब करून तिने सासूचे मनगट धरून त्यांना आत ओढले.

"आत्याबाई, अंग बघा कसं तापलंय! पोळतंय हाताला."

"तापू दे," अनसूयाबाई टेकत म्हणाल्या. "माझ्या पेशी चांगल्या हे. रक्त बी कोणी घेतलं नाय कधी." मग त्यांचे लक्ष माझ्याकडे गेले. "आले का महाराज? बसा. मागं ही चालली," त्यांनी मंदाकडे मान हलवली, "पण बोलले होते मी. सुनेच्या पायानं बोलले. तोंड माझं आणि पाय तिचे. मग म्हटलं, जीव हे तोवर आपल्या पायानं एकदा जाऊन यावं. पावतं का नाय पावतं, ते तिचं ती बघंल."

"चढ अजून बाकी आहे," मी म्हणालो.

"हे ना. उन्हं उतरली की निघू."

मंदा पायांवर पाणी ओतून घेत होती आणि डांबराला शिव्या देत होती. मांडवाबाहेर माणसांची रांग तुटत नव्हती. सविता पुन्हा रांजणापाशी जाऊन बसली. तिने पेला भरला, त्यात पाहिले, आणि इतक्या वर्षांच्या सवयीने विचारले, "गुरुजी, जवाब आला का हो?"

आता प्रयोगशाळा नाही, फेरी नाही, सुई नाही. तरी मी पूर्वीसारखेच म्हणालो, "नाही आला."

"मग पाणी तरी घ्या," ती म्हणाली, आणि तिने पेला माझ्यापुढे धरला.